घाटात बघू, मग बोलू

नाही, मला एक सांगा... गाडी बघायला जाताना कुणी घोडी नेतं का? अहो घोडी! चार पायांची, खिंकाळणारी, टेम्पोत उभी केलेली खरीखुरी घोडी! वर हलगीवाले, वर फेटे बांधलेली मंडळी, वर भंडाऱ्याची पोती... आणि ही सगळी वरात कशासाठी, तर एक जुनी गाडी बघायला! आता जुनी म्हणजे तुमची आमची घासाघीस करून घेतलेली सेकंडहँड हॅचबॅक नव्हे हं, सुपरकार! इटलीची! जमिनीला पोट टेकवून चालणारी, दोनच माणसं बसणारी, आणि चालू केली की समोरच्या सोसायटीला गॅलरीत आणणारी! कंपनीचं नाव सांगत नाही, आणि किंमत तर मुळीच सांगत नाही, तुम्ही आत्ताच जेवून आलेले असाल.

तर तुम्हाला सांगतो, हा धनेश. रहाटणीचा. मूळ गाववाला, आणि चाकणला एमआयडीसीत प्रेसशॉप, म्हणजे पत्रा दाबून भाग काढायचा कारखाना. गाड्यांच्या दरवाजांची बिजागरं बनवतो. आयुष्यभर काय केलं, तर दुसऱ्यांच्या गाड्यांचे दरवाजे उघडमीट करायची सोय! बिचाऱ्याला दारू नाही, पत्ते नाहीत, राजकारण तर नाहीच नाही. एकच वेड. ट्रॅकवर गाडी पळवायची. स्वतः! डोक्यावर हेल्मेट, हातात स्टिअरिंग, समोर मोकळा रस्ता, आडवं यायला कुणी नाही... चाकण रोडला रोज जाणाऱ्या माणसाने दुसरं काय स्वप्न बघायचं, तुम्हीच सांगा! आणि निगडीला अय्याजभाईंच्या यार्डात तशी गाडी उभी होती. लाल. धनेश जाता-येता ती बघायचा, आणि रोज घरी उशिरा यायचा.

पण पैसा नानांच्या हातात! नाना म्हणजे ज्योतीराम नाना, धनेशचे वडील, आणि बैलगाडा मालक. खेडपासून मावळापर्यंत कुठल्याही घाटात जाऊन विचारा. घाट म्हणजे नदीचा नव्हे हो, जिथे बैलगाड्यांची शर्यत होते तो चढ! तिथे नाना आले की माईकवाला आधीचं नाव अर्धं सोडून नानांचं नाव पुकारतो. नानांचा बैल आहे, त्याचं नाव कलेक्टर. त्या कलेक्टरला बदाम, त्या कलेक्टरला दूध, त्या कलेक्टरला पंखा... आणि धनेशने एकदा केबिनला एसी बसवला तर नाना म्हणाले, "काय रं, आजारी हायेस का?"

धनेशने जेवताना विषय काढला. चांगली तयारी करून काढला. "नाना, ही गाडी म्हणजे खर्च नाही, गुंतवणूक आहे. आता सगळं बॅटरीवर जाणार, असली इंजिनं बनायची बंद होणार, म्हणजे हिची किंमत वाढतच जाणार. महिन्यातून एकदा ट्रॅकवर न्यायची, बाकी जपून ठेवायची."

नानांनी भाकरी मोडली. "वाढणार म्हंतोस?"

"हो, नाना."

"नुसती बसून?"

"बसून."

"बसून किंमत वाढल्यालं जनावर मी तरी अजून बघितलं न्हाई. गोठ्यात समदीच देखणी दिसत्यात. घाटात बघू, मग बोलू."

झालं! हे नानांचं ठरलेलं वाक्य! बैल घ्यायचा असो, ट्रॅक्टर घ्यायचा असो, अहो, स्वप्नालीला, म्हणजे धनेशच्या बायकोला, बघायला गेले होते ना, तेव्हासुद्धा पोह्यांची बशी हातात धरून हेच म्हणाले होते, "घाटात बघू, मग बोलू." तिच्या वडिलांना दोन दिवस ताप! ते असो. पण नाना 'नाही' म्हणाले नाहीत, हे धनेशच्या लक्षात आलं आणि त्या दिवशी तो दोन भाकरी जास्त जेवला.

आता गाडी बघायला जायचं तर नाना-धनेश असे दोघं जातील ना? छे! बैल घ्यायला कुणी एकटं जातं का? मंडळी लागते! एक दात बघणारा, एक खूर बघणारा, एक नुसतंच "हं" म्हणणारा. ही सगळी मंडळी दोन जीप भरून निगडीत उतरली. स्वप्नालीही आली, कारण कारखान्याचा हिशोब तिच्याकडे, आणि नवऱ्याचा चेहरा बघून तिला कळलं होतं की ह्याला एकटा सोडला तर हा सही करूनच येईल.

अय्याजभाई माणूस सरळ. वडील स्कूटर दुरुस्त करायचे, ह्यांनी यार्ड उभं केलं, बोलणं गोड, कपडे स्वच्छ. पण शेवटी विकायला बसलेला माणूस! "या नाना, या! बघा, एकहाती गाडी. डॉक्टरसाहेबांची. फक्त रविवारी सकाळी काढायचे. बाकी दिवस कव्हर घालून उभी. हात नहीं लगाया किसीने!"

कुणीही खूश झालं असतं की नाही? नानांचा चेहरा पडला. "रविवारीच? मग हप्ताभर?"

"उभीच, नाना."

"म्हंजी बांधूनच!" नाना मंडळींकडे वळले. "आखडलं असंल जनावर."

"हं," म्हणाला तो हं-वाला.

आता बोला! अख्ख्या दुनियेत गाडी जितकी कमी चालली तितका भाव जास्त, आणि इथे पहिलाच दोष काय निघाला, तर कमी चालली! अय्याजभाई फडक्याने काच पुसायला लागले. तेवढ्यात नाना म्हणाले, "तोंड उघड तिचं."

"जी?"

"तोंड! दात बघू."

अय्याजभाईंनी पुढचं बॉनेट उघडलं. आत काय? काही नाही! एक पिशवी मावेल एवढा खड्डा. नाना वाकले, मंडळी वाकली. "आरं, तोंडात काहीच न्हाई हिच्या!"

"नाना, इंजिन मागे असतं," धनेश कळवळून म्हणाला.

"मागं?" नाना मागे गेले. काचेखाली ते लालभडक इंजिन बघितलं, बराच वेळ बघितलं. "म्हंजी जोर मागच्या पायात. हां... ह्ये बरं हाय." धनेशचा जीव भांड्यात पडला, आणि पडतो न पडतो तोच नानांनी गाडीच्या पाठीवर जोरात थाप मारली. मारतात हो, जनावर बुजतं का ते बघायला मारतात! आणि अलार्म! सगळी निगडी दणाणली, समोरच्या हॉटेलातला माणूस हातात झारा घेऊन बाहेर आला, आणि नाना शांतपणे म्हणाले, "बुजरं हाय."

"हं," म्हणाला हं-वाला. त्याला कुणी विचारलं होतं?

नानांचं हे असं, आणि दुसऱ्या बाजूने स्वप्नाली सुरू! "अय्याजभाई, ह्या ब्रेकच्या चकत्या कसल्या?"

"वहिनी, कार्बन सिरॅमिक! एक नंबर चीज!"

"ट्रॅकवर वापरल्या तर लवकर झिजतात म्हणे. बदलायला काय लागतं?" अय्याजभाईंनी कानात सांगितल्यासारखं हळूच सांगितलं. स्वप्नाली मोठ्याने म्हणाली, "एवढ्या पैशांत आपल्याकडे नवी प्रेस येते!" मग म्हणाली, "ट्रॅकवर काही झालं तर विमा मिळतो?"

"ट्रॅकवर... नाही मिळत, वहिनी."

"आणि पुढे विकायची झाली तर घेणार कोण?"

"शौकीन लोक बहुत हैं, वहिनी!"

"मग मागच्या दिवाळीपासून ही इथेच का उभी आहे?"

अय्याजभाईंना खोकला लागला. अहो, बाई बरोबर बोलत होती, एक अक्षर चुकीचं नव्हतं, आणि तेच धनेशच्या जिवाला लागलं. तो एवढंच म्हणाला, "स्वप्ना, मला एकदा चालवायची आहे गं. शाळेत असल्यापासून चालवायची आहे." एवढा मोठा कारखानदार माणूस, पण आवाज असा की मंडळीतल्या दोघांनी खाली बघितलं. आणि नाना उपरणं खांद्यावर टाकत म्हणाले, "सूनबाई, हितं उभं राहून काय कळणार? घाटात बघू, मग बोलू."

तुम्हाला सांगतो, त्या वाक्याने आयुष्यात पहिल्यांदाच धनेशला बरं वाटलं.

रविवार ठरला. चाकणच्या पलीकडे एक ट्रॅक आहे, कंपन्या तिथे गाड्या तपासतात आणि रविवारी हौशी लोकांना भाड्याने देतात. अय्याजभाई गाडी चालवत, शेजारी धनेश, मागे जीपमध्ये स्वप्नाली, टेम्पोत नाना, मंडळी, हलगी, भंडारा आणि मोनिका. मोनिका म्हणजे घोडी! नानांचीच. आणि रस्ता कुठला? चाकण रोड! रविवार असला म्हणून काय झालं, त्या रस्त्याला सुट्टी असते का? मोशीच्या पुढे जे अडकले... वाऱ्याशी स्पर्धा करणारी गाडी, आणि पुढे पत्र्याची गुंडाळी घेऊन निघालेला ट्रेलर, मागे कंटेनर, डावीकडे कंपनीची बस! आत बसलेल्याला कंटेनरचं फक्त चाक दिसतं, बाकी काही नाही! त्यात धनेशच्याच कारखान्यातला एक ऑपरेटर बाइकवर शेजारी येऊन थांबला, खाली वाकून आत बघितलं आणि म्हणाला, "अरे, शेठ! मग आता ओव्हरटाइमचा रेट वाढवायला हरकत नाही की!" आणि निघून गेला फटीतून. इतक्यात कडेच्या मातीतून टेम्पो पुढे! फळीवरून मोनिकाने मान बाहेर काढून सुपरकारकडे बघितलं, आणि वरून नाना ओरडले, "आरं, घोडी पुढं गेली तरी हिला जोर येईना व्हय!"

ट्रॅकच्या फाटकावर प्राजक्ता मॅडम. तिथल्या सुरक्षेच्या प्रमुख. तरुण मुलगी, हातात वॉकीटॉकी, कामाला कडक. तिने टेम्पो बघितला, टेम्पोतली घोडी बघितली. "काका, हे काय?"

"घोडी."

"ते दिसतंय. प्राण्यांना आत परवानगी नाही."

"आवो, पण पुढं घोडी नसंल तर त्यानं पळायचं कुणाच्या मागं?" आता नानांचंही बरोबरच हो! आपल्याकडे घाटात बैलांच्या पुढे घोडी पळवतात, घोडीवर स्वार, आणि बैल तिच्या मागे सुसाट! नानांच्या हिशोबी घोडीशिवाय शर्यत म्हणजे नवरीशिवाय लग्न!

"काका, गाडी इंजिनवर पळते," प्राजक्ता म्हणाली.

"इंजिन समद्यांनाच असतंय, पोरी. ईर्षा लागती."

तिने डोक्याला हात लावला. शेवटी तोड निघाली. सरळ पट्ट्याला लागून कुंपणाबाहेर मातीचा रस्ता आहे, मोनिका तिथून पळेल, वर नेहमीचा स्वार रविराज. कुंपणाबाहेरच्या घोडीबद्दल मॅडमच्या नियमांत काहीच लिहिलेलं नव्हतं. कोण लिहील? कुणाच्या बापाला सुचलं असतं?

धनेशने हेल्मेट चढवलं. दार उघडलं, एक पाय आत... आणि मागून, "तू कुठं निघालास?"

"चालवायला, नाना."

"मालक कवा सोता पळतो व्हय?"

हलगीसुद्धा थांबली. अहो, नाना गंमत करत नव्हते! घाटाचा रिवाजच तो. मालकाने फेटा बांधून वर उभं राहायचं, पळणारे पळतात. मालकच पळाला तर नारळ-शाल घ्यायला कोण? नाना उभ्या आयुष्यात कधी पळाले नाहीत. धनेश तसाच, एक पाय गाडीत आणि एक पाय डांबरावर. डोळ्यांत पाणी यायचं बाकी. आणि मग, त्याला कुठून सुचलं देव जाणे, तो म्हणाला, "पण नाना, मी अजून मालक कुठे आहे? सौदा व्हायचाय ना!"

नाना विचारात पडले. मंडळी बाजूला जाऊन बोलली. कुजबुज, हातवारे. शेवटी नाना आले. "बरोबर हाय. गिऱ्हाईक हायेस तवर पळ."

आणि पळाला, महाराजा! शेजारी प्राजक्ता सूचना द्यायला. पहिल्या वळणाला इतका लवकर ब्रेक मारला की गाडी वळणाच्या आधीच थांबायला आली. "सर, घाबरू नका, थोडं उशिरा... अजून... आता!" दुसऱ्या फेरीला हात बसला. तिसऱ्या फेरीला सरळ पट्टा लागला आणि त्याने पाय दाबला. पाठ सीटला चिकटली, ते इंजिन मानेमागे असं किंचाळलं, की आयुष्यभराची बिजागरं, चाकणचा जाम, बँकेचे हप्ते, ग्राहकाची रिजेक्शनं, सगळं मागे राहिलं. डावीकडे कुंपणापलीकडे रविराज मोनिकाला टाच मारतोय, मोनिका जिवाच्या आकांताने पळतेय... आणि डोळ्याचं पातं लवतंय तोवर मोनिका मागे! "सर, तुम्ही ओरडताय का?" प्राजक्ताने विचारलं. धनेश "भिर्रर्र!" करून ओरडत होता, घाटातल्या माईकवाल्यासारखा, आणि त्याचं त्यालाच माहीत नव्हतं. हेल्मेटच्या आत रडतही होता. इतका आनंद त्याला लग्नातसुद्धा झाला नव्हता, पण हे स्वप्नालीला सांगू नका.

वेग कमी केला तेव्हा प्राजक्ता सहज म्हणाली, "सर, आमच्याकडे ट्रॅकची स्वतःची गाडी आहे. तासावर भाड्याने मिळते. टायर आमचे, ब्रेक आमचे." आणि धनेशच्या डोक्यात लख्ख उजेड पडला! अरे, घ्यायची कशाला? महिन्यातून एक तास यायचं, चालवायचं, चावी देऊन घरी जायचं! ना विमा, ना चकत्या, ना पुढे घेणार कोण! तिकडे काठावर स्वप्नालीने फलकावर तेच वाचलं होतं, ती लांबूनच हाताने खूण करत होती, भाड्याने, भाड्याने! आणि धनेश आतून मान हलवत होता, पटलं, पटलं! दोघांचं लग्नानंतर पहिल्यांदा एका फटक्यात एकमत झालं. फक्त थांबायचं, खाली उतरायचं, आणि नानांना नमस्कार करून 'नको' म्हणायचं, एवढंच उरलं होतं.

पण नानांनी बघितलं होतं ना! घोडीला मागे टाकलेलं! उभ्या हयातीत कुणी मोनिकाला मागे टाकलं नव्हतं, कलेक्टरनेसुद्धा नाही. गाडी थांबली, तर नाना रडत होते. मिशीवरून पाणी ओघळतंय. "आणा रं!" म्हणाले, आणि मंडळीने पोती फोडली. भंडारा! मुठी नाही, घमेली नाही, पोती! हलगी कडाडली, सगळं आभाळ पिवळं!

"नाना, मला बोलायचंय," धनेश काच खाली करून म्हणाला.

"रेस दे! रेस दे! गरजू दे तिला!"

आता वडील म्हणतायत म्हणून पोराने रेस दिली. इथेच घोटाळा झाला. त्या गाडीला दोन्ही कुशीला मोठी भोकं असतात, हवा ओढायला. तिने हवा ओढली. हवेबरोबर भंडारा ओढला. सगळाच्या सगळा ओढला हो! आधी खाकरली, मग शिंकली, मग मागून पिवळा लोट सोडला आणि बंद! एव्हाना खाली उतरलेल्या प्राजक्ताला वाटलं आग लागली, ती आग विझवायचा सिलिंडर घेऊन धावली आणि तिने पांढरी फवारणी केली. लाल गाडी, त्यावर पिवळा थर, त्यावर पांढरा थर. अय्याजभाई जमिनीवर बसले. "अरे, ये मैं अब किसको बेचूँ?"

"कुणाला न्हाई," नाना म्हणाले. "भंडारा पडला, सौदा झाला. आपला भंडारा पडल्यालं जनावर दुसऱ्याच्या दावणीला जात न्हाई."

"नाना, अहो, पण आम्ही भाड्याने..." स्वप्नाली.

"नाना, मला घ्यायची नाहीये..." धनेश.

"गप रं! घाटात बघितली. आता बोलायचं काय राह्यलंय?" आणि अय्याजभाई, अहो आत्ता जमिनीवर बसलेला माणूस, टुणकन उठला, पँट झटकली, नानांच्या दोन्ही हातांत हात दिले आणि म्हणाला, "मुबारक हो, नाना!"

आता ती गाडी रहाटणीत असते. कलेक्टरच्या शेजारच्या गाळ्यात, पंख्याखाली, अंगावर झूल. नानांनी तिचं नाव ठेवलंय तहसीलदार. कलेक्टर मोठा ना, मग हिला त्याच्या खालचं पद. इंजिन दुरुस्त झालं, पण एसी लावला की अजून भंडारा येतो, आत बसलेला माणूस हळद लागल्यासारखा बाहेर पडतो. आणि ट्रॅकवर ती चालवतो कोण? रविराज! घोडीवरचा! वजनाला हलका, शिवाय पुढे पळायची सवय. महिन्यातून एकदा तो तिला पळवतो, आणि आमचा धनेश काठावर फेटा बांधून उभा राहतो, हातात नारळ, खांद्यावर शाल. एकदा म्हणाला बिचारा, "नाना, एक फेरी मारू का?" नाना म्हणाले, "मालकानं पळायचं? लोक काय म्हंतील, ह्यांच्याकडं माणूस न्हाई?" ट्रॅकची भाड्याची गाडी मागितली, तर म्हणाले, "घरी तहसीलदार बांधलाय आन् भाड्याच्या जनावरावर बसतोस? घराण्याची अब्रू घालवतोस का?" स्वप्नालीने पाठीवरून हात फिरवला. दुसरं काय करणार ती?

तेव्हापासून दर रविवारी धनेश गुपचूप निगडीला जातो. अय्याजभाई चहा मागवतात. हा इकडेतिकडे बघतो, खुर्ची पुढे ओढतो आणि हळूच म्हणतो, "अय्याजभाई, एखादी जुनी गाडी आली असेल तर दाखवा ना. ट्रॅकवर बघतो. अहो, घ्यायची नाही हो... घेतली की संपलं. मला चालवायची आहे!"